त्रेसष्टावा दंडवत

सकाळी सातला, नाविक तळाच्या मागच्या फाटकासमोर
आम्ही चटया अंथरतो.
काल अकरा जण होतो, परवाच्या गारठ्यात चार.
आकड्याकडे बघायचं नाही, असं फादर कू सांगतात
आणि दर वेळी बोटानं मोजतात.

शंभर दंडवत.
गुडघे, कोपरं, कपाळ.
मग उठायचं.
एकाहत्तराव्या वर्षी उठणं हीच काय ती प्रार्थना,
टेकणं आपोआप होतं.

पहिला मातीला.
दुसरा त्या काळ्या खडकाला,
ज्याच्या कपारीत मी खेकडे धरायचे
आणि ज्याच्यावर आता धक्का बांधलाय.
सतरावा, अठरावा कुणाला, ते आठवत नाही,
तेव्हा कंबर बोलते, मी ऐकते.

चाळीसच्या आसपास सिमेंटचे ट्रक येतात.
तक नावाचा शिपाई, कानशिलावर पुटकुळ्या,
खाली वाकून म्हणतो, "हालमांग, बाजूला व्हा."
आजी म्हणतो मेला, आणि खांद्याला धरून उचलतो,
हळूच, अंडी उचलावीत तसा.
ह्ये-रिन त्याच्यावर ओरडते, ती तरुण आहे.
ट्रक गेले की मी परत येते,
चटईवर टायरची नक्षी असते,
आकडा जिथं सोडला तिथून पुढे.

त्रेसष्टला समुद्राकडून शीळ येते.

पाण्याखाली दम कोंडून शंख वेचणाऱ्या बाया
वर आल्या की छातीतली हवा अशी सोडतात.
दहा जणी असतात.
त्यातली एक शीळ शेवटाला जरा फाटते.
ती बुन-ओक.
माझी धाकटी जाऊ.

बारा वर्षांपूर्वी गावात कागद फिरला.
तिनं शिक्का मारला, मी नाही मारला.
तेव्हापासून गावात दुकानं दोन, न्हावी दोन,
तिच्या दुकानातलं मीठ माझ्या घरात येत नाही.
सासऱ्यांचं श्राद्धसुद्धा दोन घरांत, एकाच रात्री.
ते दोनदा जेवतात की उपाशीच परततात
कोण जाणे.

आणि माझ्या पाटीवर लिहिलंय, शांतता.
अक्षरं मीच रंगवली, निळ्या रंगात, जरा तिरकी झाली.
ती पाटी बगलेत धरून
समोरून बुन-ओक दिसली की मी रस्ता ओलांडते.
हे फादर कूंना सांगितलं होतं एकदा.
ते चहा फुंकत राहिले.
"माझाही एक भाऊ आहे," म्हणाले. पुढे काहीच नाही.

तळ हलणार नाही, हे मला कळतं.
मी काही खुळी नाही.
पण त्रेसष्टावा दंडवत मी बारा वर्षं खोटा घालतेय,
कपाळ जमिनीला लागतं
आणि दात आवळलेले असतात.

परवा संध्याकाळी बागेतली संत्री पिशवीत भरली.
तिच्या दगडी कुंपणापाशी उभी राहिले.
ती जाळीची पिशवी शिवत होती, सुई दातांत.
पिशवी कुंपणावर ठेवली. काही बोलायचं ठरवून गेले होते,
ते वाटेतच सांडलं.
तिनं एक उचललं, सोललं,
दोन फोडी तोंडात टाकल्या.
"साल जाड आहे यंदा."
"खत कमी पडलं."
एवढंच.
तिनं या म्हटलं नाही, मीही थांबले नाही.
घरी येऊन भात करपवला.

आज त्रेसष्टला शीळ आली नाही.
लाटा उंच होत्या, आज कुणीच उतरलं नसेल,
किंवा उतरल्या असतील. तिचं वय सदुसष्ट.
मी फाटकाला पाठ करून गुडघ्यांवर बसले,
समुद्राकडे तोंड.
कुणीतरी माझ्यासाठी चौसष्ट म्हणालं.
ट्रक घुरघुरत होता.
तक आला, वाकला, "हालमांग..."

थांब रे बाबा, म्हटलं,
एक श्वास यायचा राहिलाय.